पहिली नजर कोणीकडे?

रस्ता ओलांडताना आधी कोणत्या बाजूला पाहावे, असा प्रश्न तुम्हांला कोणी विचारला तर तुम्हांला हसू येईल. ‘आधी उजवीकडे, मग डावीकडे आणि पुन्हा एकदा उजवीकडे’ हे उत्तर पहिलीतल्या मुलालाही पाठ असते. ते अगदी बरोबर आहे. पण कोठे? मुंबईत, पुण्यात, नागपुरात. हेच उत्तर घेऊन तुम्ही दुबई, पॅरिस किंवा न्यूयॉर्क येथे गेलात, तर तेथे ते चूक ठरते. आणि ही चूक अशी आहे, की परीक्षेत जातो तसा एखादा गुण जाऊन ती भागत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी ही चूक कोणी केली होती ते आधी पाहू.

१३ डिसेंबर १९३१ ची रात्र. न्यूयॉर्क शहरातील फिफ्थ ॲव्हेन्यू नावाचा रुंद रस्ता. त्या काळी त्यावरून दोन्ही दिशांनी वाहतूक चालत असे. अंगात जाड ओव्हरकोट घातलेले सत्तावन्न वर्षांचे एक इंग्रज गृहस्थ टॅक्सीतून उतरले. एका मित्राचे घर त्यांना शोधायचे होते आणि ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होते. रस्त्याच्या साधारण मध्यावरून त्यांनी डावीकडे पाहिले. दूरवर एका मोटारीचे दिवे दिसत होते. ती येण्यापूर्वी आपण सहज पलीकडे जाऊ, असा हिशेब करून ते झपाझप निघाले. हिशेब बरोबर होता, पण बाजू चुकली होती. उजवीकडून आलेल्या दुसऱ्याच मोटारीने त्यांना उडवले.

ते गृहस्थ म्हणजे विन्स्टन चर्चिल. डोक्याला आणि मांडीला जबर मार लागला, तरी ते बचावले आणि पुढे १९४० साली ब्रिटनचे पंतप्रधान झाले. या अपघातात चालकाचा दोष नाही, चूक आपलीच, असे त्यांनी स्वतःच सांगितले. सवयीने आपल्याला दगा दिला, असे त्यांचे म्हणणे होते.

हा दगा नेमका काय होता? इंग्लंडमध्ये आपल्यासारखीच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून आपण पदपथावरून खाली उतरलो, की रस्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात वाहने उजवीकडून येतात आणि मध्य ओलांडल्यावर डावीकडून. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात. तेथे सगळे आरशात पाहिल्यासारखे उलटे. पहिल्या अर्ध्या भागात धोका डावीकडून आणि दुसऱ्या अर्ध्या भागात उजवीकडून. चर्चिल रस्त्याच्या मध्यावर उभे राहून अमेरिकेतला रस्ता पाहत होते, पण त्यांची मान मात्र इंग्लंडमधल्या सवयीने वळली.

हाताची घडी घालून पाहा

इतका हुशार माणूस असा कसा चुकला, असे तुम्हांला वाटत असेल, तर एक सोपा प्रयोग करा. वर्गात बसता तशी हाताची घडी घाला. तुमचा एक हात नेहमी वर असतो. आता मुद्दाम दुसरा हात वर येईल अशी उलटी घडी घाला. पाहा, क्षणभर गोंधळ झाला की नाही? घडी घालणे काही अवघड काम नव्हे. पण रोज तेच केल्याने मेंदूने ते काम विचाराच्या खात्यातून काढून सवयीच्या खात्यात टाकलेले असते.

असे करण्यात मेंदूचा मोठा फायदा आहे. सायकल चालवताना, जिना उतरताना, जेवताना प्रत्येक हालचालीचा विचार करावा लागला असता, तर दिवसभरात दुसरे काहीच करता आले नसते. रस्ता ओलांडताना मान कोणीकडे वळवायची हेही असेच सवयीचे काम आहे. वर्षानुवर्षे या सवयीने आपले रक्षण केलेले असते. परदेशी गेल्यावर मात्र हाच रखवालदार आपल्याला चुकीच्या दारावर उभा करतो. गंमत अशी, की आपण ‘पाहिले’ असे आपल्याला मनापासून वाटत असते. उजवीकडे पाहिले, रस्ता मोकळा दिसला, पाऊल टाकले. तो मोकळाच दिसणार, कारण त्या बाजूने वाहने येतच नाहीत!

जगातील साधारण एकतृतीयांश लोक डावीकडून वाहने चालवणाऱ्या देशांत राहतात. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, सिंगापूर, थायलंड हे त्यांपैकी काही. उरलेले देश उजवीकडून वाहने चालवतात. म्हणजे बँकॉकला किंवा सिंगापूरला सहलीला गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिली नजर बदलावी लागत नाही. पण दुबईला किंवा स्वित्झर्लंडला गेले, की ती बदलावीच लागते. लंडनमध्ये अनेक ठिकाणी रस्त्याच्या कडेला पायाखालीच मोठ्या अक्षरांत ‘उजवीकडे पाहा’ अशी सूचना इंग्रजीत रंगवलेली असते. ती लंडनकरांसाठी नाही. युरोपातून आणि अमेरिकेतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी आहे.

एका सेकंदाची किंमत

कोणी म्हणेल, ‘पादचारी चुकला तर काय झाले? मोटारवाला ब्रेक लावीलच की!’ लावील, यात शंका नाही. पण कधी आणि कोठे?

त्याचाही प्रयोग करू. मित्राला फूटपट्टी उभी धरायला सांगा. तिच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, तुमचा अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवा. पट्टीला स्पर्श करू नका. मित्राने न सांगता पट्टी सोडली, की ती पकडा. तुमची बोटे २० सेंटिमीटरच्या खुणेवर आली असे समजू. पडणाऱ्या वस्तूचे सूत्र वापरले, तर २० सेंटिमीटर पडायला सुमारे ०.२ सेकंद लागतो असे दिसेल. पट्टी सुटणार हे तुम्हांला आधीच ठाऊक होते, बोटेही तयार होती. तरी एवढा वेळ गेला.

चालकाला तर काहीच ठाऊक नसते. समोर काहीतरी हलले हे डोळ्यांना दिसायचे, तो माणूस आहे हे मेंदूने ओळखायचे, थांबायचे असे ठरवायचे, आणि मग पाय उचलून ब्रेकवर दाबायचा. यात साधारण एक सेकंद गेला असे धरू. या एका सेकंदात मोटार आपल्या पूर्ण वेगाने पुढे येतच असते. त्यानंतर ब्रेक लागतो आणि टायर व रस्ता यांच्यातील घर्षणाने तिचा वेग कमी होऊ लागतो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर हा वेग दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रति सेकंद इतका घटतो असे धरून गणित करू.

मोटारीचा वेग ताशी ३० कि.मी. असेल, तर ती सेकंदाला ८.३ मीटर जाते. म्हणजे विचारात ८.३ मीटर आणि ब्रेक लागल्यावर सुमारे ५ मीटर, एकूण १३.३ मीटर. वेग ताशी ५० कि.मी. असेल, तर विचारात १३.९ मीटर आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे १३.८ मीटर, एकूण जवळजवळ २८ मीटर.

आता असे समजा, की मोटार १४ मीटरवर असताना एक पाहुणा चुकीच्या बाजूला पाहून रस्त्यात उतरला. ताशी ३० कि.मी. वेगाची मोटार त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबेल. चालक दोन शब्द सुनावील, पाहुणा घाबरेल आणि गोष्ट तेथेच संपेल. ताशी ५० कि.मी. वेगाची मोटार मात्र ब्रेकवर पाय पडतो न पडतो तोच त्याच्यापर्यंत येऊन पोचलेली असेल. म्हणजे तो पाहुणा जवळजवळ पूर्ण ५० च्या वेगाने उडवला जाईल. वेगात फरक केवळ २० चा, पण परिणामात जन्ममरणाचा. रस्ता ओला असेल, तर घर्षण कमी होते आणि ही अंतरे आणखी वाढतात. पॅरिस शहराने ऑगस्ट २०२१ पासून आपल्या बहुतेक रस्त्यांवर वेगाची मर्यादा ताशी ३० कि.मी. केली, त्यामागचे गणित आता तुमच्या ध्यानात येईल.

प्राध्यापकांची तार

चर्चिल यांना बरे वाटू लागल्यावर त्यांनी एक मजेशीर चौकशी केली. फ्रेडरिक लिंडेमन हे ऑक्सफर्ड विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक त्यांचे स्नेही होते. ‘मला किती जोराचा धक्का बसला असेल, ते गणिताने सांगा,’ असे चर्चिल यांनी त्यांना विचारले. प्राध्यापकांनी तारेने उत्तर पाठवले. त्याचा सारांश असा : हा धक्का ३० फुटांवरून फरसबंदीवर पडण्यासारखा होता. त्यातील ऊर्जा ६००० फूट-पौंड. म्हणजे १० पौंडांची वीट ६०० फुटांवरून अंगावर पडावी तेवढी.

हे आकडे आपण तपासू शकतो. १० पौंड गुणिले ६०० फूट म्हणजे ६०००. आणि ६००० ला ३० फुटांनी भागले, तर २०० पौंड येतात. म्हणजे प्राध्यापकांनी आपल्या मित्राचे वजन २०० पौंड, अर्थात सुमारे ९१ किलोग्रॅम, धरले होते! ३० फूट म्हणजे ९.१ मीटर. एवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर पोचते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ४८ कि.मी. असतो. मोटारीचा वेगही साधारण तितकाच होता.

ही युक्ती तुम्ही लक्षात ठेवा. मोटारीचा वेग ऐकून आपल्याला भीती वाटत नाही, कारण ‘पन्नास’ हा आकडा रोजच्या कानाखालचा असतो. पण त्याचे उंचीत रूपांतर करा. ताशी ३० कि.मी. म्हणजे साडेतीन मीटरवरून, साधारण पहिल्या मजल्यावरून पडणे. ताशी ५० कि.मी. म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणे. वेग दुप्पट झाला, की उंची चौपट होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याजवळ आपण कसे जपून उभे राहतो! पदपथाची कड हाही तसाच एक कठडा आहे. फक्त खालची खोली डोळ्यांना दिसत नाही.

लिंडेमन यांनी तारेत आणखी एक शास्त्रीय गोष्ट सांगितली होती. शरीराभोवती मऊ आवरण जितके जाड, तितका धक्का सौम्य. धक्क्याची ऊर्जा जितक्या जास्त अंतरावर शोषली जाईल, तितके बल कमी. चर्चिल यांचा जाड ओव्हरकोट आणि त्यांचे स्थूल शरीर, दोन्ही त्या रात्री कामी आली. याच तत्त्वाने हल्लीच्या मोटारींचे पुढचे झाकण आणि बंपर आदळणाऱ्या माणसाबरोबर थोडे दबतील असे बनवतात.

कानांवर विसंबू नका

आपल्याकडे रस्ता ओलांडताना आपण डोळ्यांइतकाच कानांचाही उपयोग करतो. मागून, बाजूने, समोरून हॉर्न वाजत असतात. हॉर्न नाही म्हणजे गाडी नाही, असा आपला नकळत समज झालेला असतो. युरोपात हॉर्न हा धोक्याच्या प्रसंगीच वाजवायचा असतो. त्यामुळे तेथील रस्ता शांत वाटतो, आणि शांतता म्हणजे मोकळा रस्ता असे आपले कान आपल्याला खोटेच सांगतात.

त्यात विजेवर चालणाऱ्या मोटारींची भर पडली आहे. कमी वेगात त्यांचा आवाज जवळजवळ येतच नाही. म्हणून युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीवर अशी सक्ती केली, की ताशी २० कि.मी. वेगापर्यंत तिने मुद्दाम आवाज काढीत चालावे. त्यापुढे टायरचाच आवाज ऐकू येऊ लागतो.

ट्रामची गोष्ट आणखी वेगळी. मुंबईतील ट्राम १९६४ साली बंद झाली, त्यामुळे तुमच्या आजी-आजोबांपैकी एखाद्यालाच ती आठवत असेल. झुरिक, ॲमस्टरडॅम, मेलबर्न या शहरांत मात्र ती रस्त्यावरून, कधी कधी तर पायी फिरणाऱ्यांच्या गर्दीतून धावते. पोलादी रुळावर पोलादी चाक, त्यामुळे घर्षण रबरी टायरपेक्षा खूपच कमी. शिवाय वजन कितीतरी टन. ट्रामला लवकर थांबता येत नाही आणि बाजूला तर वळताच येत नाही. तेव्हा तिच्यासाठी आपणच थांबायचे.

ॲमस्टरडॅमला रस्त्याच्या कडेला तांबूस रंगाची एक सुबक पट्टी दिसते. फोटो काढण्यासाठी पाहुणे तिच्यावर खुशाल उभे राहतात. तो पदपथ नसून सायकलींचा रस्ता असतो, आणि सायकली तेथे भरधाव येतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल दिवा असतानाही वाहनाला एकदा थांबून उजवीकडे वळण्याची मुभा असते. अशा वेळी चालकाचे डोळे डावीकडून येणाऱ्या मोटारींवर लागलेले असतात. उजव्या हाताला असलेला पादचारी त्याच्या नजरेतून सुटतो. म्हणून चालण्याचा हिरवा दिवा लागला, तरी वळणाऱ्या गाडीकडे आणि तिच्या चालकाच्या डोळ्यांकडे पाहूनच पाऊल उचलायचे.

साऱ्या देशाने नजर बदलली तेव्हा

सवय बदलता येते का? एका अख्ख्या देशाने ती बदलली आहे. स्वीडनमध्ये पूर्वी वाहने डावीकडून चालत. शेजारचे देश मात्र उजवीकडून जात. अखेर ३ सप्टेंबर १९६७ रोजी, रविवारी पहाटे पाचच्या ठोक्याला, सारी वाहतूक डावीकडून उजवीकडे आणण्यात आली. आदल्या दिवसापर्यंत मनात धाकधूक होती, की आता अपघातांचा कहर होणार.

झाले उलटेच. अपघात कमी झाले! कारण उघड होते. चालक असो वा पादचारी, प्रत्येक जण जागा होता. सवयीवर विसंबण्याची कोणाची छाती नव्हती. पुढे सुमारे दोन वर्षांत नवी पद्धत अंगवळणी पडली, लोक पुन्हा निर्धास्त झाले आणि अपघातही पूर्वीच्या पातळीवर गेले. म्हणजे डावी बाजू वाईट नाही आणि उजवीही वाईट नाही. रस्ता ओलांडताना मन दुसरीकडे असणे, हे वाईट.

यातूनच आपल्याला उपाय सापडतो. परदेशी पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस सवयीला रजा द्यायची. पदपथाच्या कडेला पूर्ण थांबायचे. वाहने कोणत्या बाजूने चालली आहेत ते डोळ्यांनी पाहायचे आणि तोंडाने हळूच म्हणायचे, ‘येथे आधी डावीकडे.’ तोंडाने म्हटल्यामुळे काम सवयीच्या खात्यातून पुन्हा विचाराच्या खात्यात येते. मग दोन्ही बाजूंना पाहायचे, रस्ता एकेरी असला तरीसुद्धा. कारण पॅरिससारख्या शहरात अनेक एकेरी रस्त्यांवर सायकलींना उलट दिशेने जायची परवानगी असते. रस्त्याच्या मध्यावर आल्यावर बाजू बदलते, हेही विसरायचे नाही. चर्चिल तेथेच चुकले होते. रात्री गडद कपडे घालून रस्त्यात उतरायचे नाही. आणि हातातला मोबाइल, नकाशा पाहण्यासाठी का होईना, पलीकडे पोचेपर्यंत खिशातच ठेवायचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यावरील अपघातांत मृत्यू पावली. त्यांतील निम्म्याहून अधिक पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीवाले होते. ५ ते २९ वर्षे वयाच्या मुलांत आणि तरुणांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. हे वय तुमचे आणि तुमच्या ताईदादांचे आहे.

तुमच्यापैकी काही जण पुढे शिकायला परदेशी जातील. काहींचे काका-मावशी तेथे असतील, किंवा आजी-आजोबा नातवंडांना भेटायला निघाले असतील. त्यांच्या पिशवीत चिवडा आणि लाडू भरताना एक छोटी चिठ्ठीही ठेवा. तिच्यावर त्या देशाचे नाव लिहा आणि त्याखाली पहिली नजर कोणीकडे, ते लिहा.

आणि हो, पाहुणे आपल्याकडेही येतात. मुंबईच्या फोर्ट भागात किंवा अजिंठा-वेरूळच्या वाटेवर एखादे फ्रेंच किंवा जर्मन जोडपे रस्त्याच्या कडेला उभे असेल. नीट पाहा, त्यांची मान आधी डावीकडे वळेल. त्यांना हसू नका. चर्चिल ज्या सवयीने फसले, तिचीच ही उलटी बाजू आहे. पुढे होऊन हात उजवीकडे करून दाखवा. एका सेकंदाचे काम आहे. त्या एका सेकंदात मोटार किती पुढे येते, ते आता तुम्हांला ठाऊक आहेच.